परत जाऊ या, पण सावकाश

आमच्या गटाच्या महिन्याच्या बैठकीत कामाचे विषय संपले, चहा आला आणि एकीनं सहज विचारलं, "परत जायचं का गं घाटात, सायकलवर?" दोन वर्षांपूर्वी आम्ही सातजणी पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत थेट महाडपर्यंत सायकलनं गेलो होतो. त्याचे फोटो केंद्राच्या भिंतीवर अजून आहेत. प्रश्न ऐकताच चार-पाचजणी एकदम 'हो' म्हणाल्या. मावशी मात्र कप विसळायला उठून गेल्या.

मावशी म्हणजे आमच्या गटातल्या वयानं सगळ्यात मोठ्या. चार घरी पोळ्या करतात. वस्तीतल्या मैदानावर आम्ही मुलींसाठी सायकलचा वर्ग घेतला होता, तेव्हा लेकीला सोडायला म्हणून आल्या आणि लेकीच्या आधी स्वतःच शिकल्या. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. तेव्हापासून कामावर सायकलनंच जातात. भिंतीवरच्या पाचगणीच्या फोटोत त्या नाहीत. का नाहीत ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण दोन वर्षांत त्यावर एकदाही नीट बोलणं झालं नव्हतं. त्या संध्याकाळी झालं, रात्री साडेनऊपर्यंत झालं. त्यातून जे मनात आलं ते इथे मांडते आहे.

आधी त्या पहिल्या प्रवासाविषयी. तो आमचा नव्हताच, एका सायकल गटाचा होता. पुरुष वीस-बावीस, आम्ही सात. नाव 'मोहीम'. मोहीम म्हटलं की ती फत्ते करावी लागते. शनिवारी पहाटे पुणे सोडायचं आणि वाईला मुक्काम, म्हणजे पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर. रविवारी पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि महाड. तिथून टेम्पोत सायकली टाकून रात्री घरी. सोमवारी ज्याची त्याची नोकरी, जिची तिची भांडी. घाटमाथ्यावर पोचण्याची वेळ ठरवून दिलेली होती. त्या वेळेत जो पोचणार नाही त्यानं मागच्या टेम्पोत बसायचं, असा नियम होता. नियम सगळ्यांना सारखा होता हेही खरं.

वाईहून पाचगणी बारा किलोमीटर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण तेवढ्यात जवळजवळ सहाशे मीटर चढायचं असतं. आमच्या पाळी आलेल्या मैत्रिणीनं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं, कारण वाटेत कुठे जायचं हा प्रश्न. तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. दुसरीला एक गृहस्थ मदत म्हणून पाठीवर हात ठेवून ढकलत होते. त्यांना थांबा म्हणायला तिला तीन वळणं लागली, आणि म्हणाल्यावर ते रुसले. मावशी सगळ्यांच्या मागे, पण चालू होत्या. दम लागला की उतरायच्या, दहा पावलं चालायच्या, पुन्हा बसायच्या. माथा तीन वळणांवर असताना टेम्पो शेजारी येऊन थांबला आणि त्यांना सांगण्यात आलं, "मावशी, वेळ संपली, बसा आता." त्या बसल्या. पुढचा सगळा वेळ त्यांच्याकडे सामान राखायचं काम आलं. आम्ही वर फोटो काढत होतो.

कोणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. मावशीसुद्धा म्हणत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "मी अजून दमले नव्हते गं. मला बसवलं." हे वाक्य त्यांनी दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. आणि मी, समाजकार्याची पदवी घेतलेली, बायकांना बोलतं करण्याचा पगार घेणारी, त्या टेम्पोच्या पुढे वीस मीटरवर होते. मागे वळून पाहिलं आणि पॅडल मारत राहिले, कारण माझीही वेळ संपत आली होती.

दुसरी गोष्ट नायगावची. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं की कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ करत नीरा नदी ओलांडायची, की शिरवळ येतं. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर. तिथून आत पाचेक किलोमीटरवर नायगाव, जिथे ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई जन्मल्या. दर तीन जानेवारीला त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्या आम्ही सातजणी त्या फाट्यावरून गेलो. एकीनं विचारलं, "वळायचं?" पुढचा म्हणाला, "दहा किलोमीटर जादा होतील." वळलो नाही. दुसऱ्या दिवशी महाडला टेम्पो वाट पाहत होता म्हणून चवदार तळ्यावरही गेलो नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं ज्या पाण्यापर्यंत चालत गेली, त्याच्या इतक्या जवळ येऊन आम्ही सायकलींची चाकं काढून बांधत होतो. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, 'एकशे ऐंशी किलोमीटर दोन दिवसांत!' आकडा तोंडपाठ झाला. काय पाहिलं, कोण भेटलं, असं कोणी विचारलं असतं तर सांगण्यासारखं फारसं नव्हतं.

म्हणून या वेळचा बेत वेगळा केला आहे. तो सविस्तर लिहिते, कारण इतर गटांतल्या मैत्रिणींना उपयोगी पडेल आणि त्यातल्या चुकाही कोणी दाखवेल.

पहिल्या दिवशी जुन्या कात्रज घाटानं निघून शिरवळ आणि नायगाव. मुक्काम नायगावला. तिथल्या बचत गटातल्या बायकांशी बोलणं चालू आहे. दुसऱ्या दिवशी खंबाटकी चढून सुरूर फाट्यावरून वाई, जेमतेम चाळीस किलोमीटर. ट्रकची वर्दळ पाहता खंबाटकी भल्या सकाळी उरकायचा. तिसऱ्या दिवशी फक्त पसरणी घाट. बारा किलोमीटर चढून पाचगणीला पोचलं की दिवस संपला, मग दुपारी बारा वाजोत की चार. चौथ्या दिवशी महाबळेश्वर, वीसेक किलोमीटर. पाचव्या दिवशी आंबेनळी उतरून पोलादपूर आणि महाड. हा उतार चाळीस किलोमीटरचा आहे आणि त्यात तेराशे मीटर खाली यायचं आहे. चढापेक्षा मला उताराची काळजी जास्त आहे. बहुतेक सायकलींचे ब्रेक पुरुषी पंजाच्या मापाचे असतात, आमच्या बोटांना ते पुरत नाहीत. सलग दाबून धरले की मनगटं भरून येतात आणि रबरं झिजतात. २०१८ च्या जुलैत याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली होती. तेव्हा दर चार-पाच किलोमीटरला थांबायचं, हात झटकायचे, रबरं पाहायची. निघण्याआधी प्रत्येकीच्या हाताच्या मापानं ब्रेकचे दांडे जवळ ओढून घ्यायचे. दुकानदाराला हे काम पाच मिनिटांचं आहे, फक्त सांगावं लागतं.

सहाव्या दिवशी महाडलाच राहायचं. तो दिवस २५ डिसेंबरचा यावा असं गणित मांडलं आहे. १९२७ साली त्या दिवशी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशीही वेगळं बोलले होते. १९९० च्या दशकापासून दलित स्त्रियांच्या संघटना हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळत आल्या आहेत. २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षं होतील. आणखी एक व्यावहारिक फायदा असा की नाताळच्या सुट्टीत महाबळेश्वरला जी मोटारींची रांग लागते, ती लागायच्या आत आपण तिथून खाली उतरलेल्या असू.

परतताना वरंध घाट चढून भोरमार्गे यायचं की टेम्पोत सायकली टाकायच्या, यावर अजून भांडण चालू आहे. माझं मत टेम्पोच्या बाजूनं आहे. टेम्पोत बसणं वाईट नाही, न विचारता बसवलं जाणं वाईट. या वेळी टेम्पो असेल, पण तो पुढे जाऊन चहाच्या टपरीवर थांबेल. मागून येऊन कोणाच्या शेजारी उभा राहणार नाही.

आणखी एक साधा नियम आम्ही ठरवला: सगळ्यात पुढे मावशी. त्यांच्या पुढे कोणी जायचं नाही. सायकल गटांत सगळ्यात मागच्याबरोबर राहायला एकजण नेमतात, तसं आम्ही करणार नाही. त्यात ती मागची ती मागचीच राहते आणि सोबतीण तिची राखणदार होते. शिवाय दर पंधरा किलोमीटरला थांबायचं, पंपावर, हॉटेलात, नाहीतर गावात कोणाच्या घरी विचारून. पाणी भरपूर प्यायचं. मुंबईत बायकांच्या मुतारीच्या हक्कासाठी २०११ पासून 'राइट टू पी' मोहीम चालली. महामार्गावर मात्र आजही बाई तहान मारूनच प्रवास करते. सायकलवर तहान मारली की माणूस पडतं.

आता बैठकीतल्या हरकतींकडे येते. पहिली हरकत आमच्या एका जुन्या कार्यकर्तीची. मी त्यांना मानते, त्यामुळे ती मनाला लागली. त्या म्हणाल्या, "आम्ही पन्नास वर्षं ओरडून सांगतोय की बाई कशातही कमी नाही. आणि तुम्ही बायकांचा म्हणून सावकाश दौरा काढताय? उद्या लोक हेच म्हणतील की बघा, बायकांना झेपत नाही." त्यांनी उदाहरणं दिली आणि ती खरी आहेत. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ च्या जूनमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर हिमालयातले घाट ओलांडत एकटीनं ५५ तास १३ मिनिटांत पार केले. वेदांगी कुलकर्णी या पुण्याच्या मुलीनं २०१८ मध्ये, विशीत, सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून १५९ दिवसांत जगाची फेरी पुरी केली. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटलं, तरी ती पुढे गेली. या बायकांचा मला अभिमान आहे. ज्यांना वेगानं जायचं आहे त्यांनी जरूर जावं.

माझं म्हणणं वेगळं आहे. आमची दोन दिवसांची मोहीम वेगवान का होती? आम्हाला वेगाची आवड होती म्हणून? नाही. आम्हाला घरून दोनच दिवस मिळत होते. शनिवार-रविवारी जाऊन सोमवारी सकाळी डबे भरायला हजर, एवढीच ती मोकळीक. घरच्यांना ती मोहीम फार सोयीची पडली. शुक्रवारी रात्री दोन भाज्या करून ठेवल्या, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवली, सासऱ्यांच्या गोळ्या वारानुसार डबीत भरल्या आणि निघालो. घराला आमची उणीव जाणवण्याच्या आत परतलो. नंतर नवऱ्यांनी फोटो मित्रांना दाखवले. 'आमची हिनं घाट चढला!' कौतुक झालं, बदल काही झाला नाही.

सावकाश जायचं म्हटलं की सात दिवस लागतात. सात दिवसांच्या भाज्या करून ठेवता येत नाहीत. कोणाला तरी रोज स्वयंपाकघरात उभं राहावंच लागतं. बैठकीत हा आकडा आला तेव्हा आधी 'हो' म्हणणाऱ्या चारजणींपैकी दोघी गप्प झाल्या. एक म्हणाली, "दोन दिवस मागता येतात गं. सात दिवस कोणत्या तोंडानं मागू?" केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामावर बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं आणि पुरुष ९७. हा आकडाही जे पुरुष असं काम करतात त्यांच्यापुरता, आणि करणारे पुरुष चारात एक. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत, बायकांची मिनिटं दहा कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ कमी झाली. म्हणजे बायकांचं थोडं हलकं झालेलं काम पुरुषांच्या वाट्याला गेलेलं नाही. सात दिवस मागणं म्हणजे दर दिवशीची ती पाच तासांची पोकळी घरासमोर ठेवणं. दोन दिवसांत एकशे ऐंशी किलोमीटर मारणं याच्यापुढे सोपं आहे.

डर्व्हला मर्फी या आयरिश बाईंची गोष्ट मी बैठकीत सांगितली. दहाव्या वाढदिवसाला त्यांना सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं आणि सायकलनं भारतात जायचं असं त्यांनी तेव्हाच ठरवलं. प्रत्यक्षात निघाल्या १९६३ च्या जानेवारीत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. मधली वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईच्या सेवेत गेली. आई वारल्यावरच त्या निघाल्या आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान पार करत दिल्लीला पोचल्या. त्यांच्या धाडसाचं कौतुक सगळे करतात. मला त्या मधल्या वर्षांबद्दल कुतूहल आहे. आमच्या गटातली प्रत्येकजण त्यातलं एखादं वर्ष आत्ता जगते आहे.

दुसरी हरकत चळवळीची. केंद्रात महिन्याला इतक्या बायका येतात, पोटगीच्या तारखा आहेत, वस्तीत पाण्याचा प्रश्न पेटलेला, आणि कार्यकर्त्या सात दिवस डोंगरात? मौज म्हणून? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. आपल्याकडे बाईच्या सायकलला नेहमी कारण द्यावं लागतं. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून हजारो कष्टकरी बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला जोर दिला. बिहार सरकारनं २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, मुलींची शाळेतली संख्या वाढली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात गावांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. हे सगळं मोलाचं आहे. पण प्रत्येक ठिकाणी सायकल शाळेसाठी, पाण्यासाठी, कामासाठी. पुदुक्कोट्टईच्या बायका पुढे नुसत्या भटकायलाही गेल्या असतीलच, पण ते अहवालात लिहायचं कसं? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांवर २०११ मध्ये लिहिलेल्या 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात हाच मुद्दा आहे: कारणाशिवाय रस्त्यावर असण्याचा बाईचा हक्क. मावशींनी ते पुस्तक वाचलेलं नाही. त्या म्हणाल्या, "कामाला रोजच जाते सायकलनं. पसरणीला काही काम नव्हतं, म्हणून तर आले होते."

आणि चळवळीचंच विचारता, तर सावित्रीबाईंची तीन पत्रं उपलब्ध आहेत. त्यांतलं पहिलं, १८५६ च्या ऑक्टोबरमधलं, नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं आहे. शाळा सुरू होऊन आठ वर्षं झाली होती, अंगावर चिखल-शेण झेलून झालं होतं, आणि सावित्रीबाई आजारी पडून माहेरी येऊन राहिल्या होत्या. भावानं काळजी घेतली. ज्या कामासाठी समाजानं वाळीत टाकलं त्यावरून भावाशी वादही झाला, तोही त्यांनी पत्रात कळवला आहे. म्हणजे विश्रांतीच्या त्या दिवसांतही त्यांचं काम सुटलं नव्हतं, पण विश्रांती घेतली होती. त्यांच्या फोटोला आपण हार घालतो, आणि आपल्या एखाद्या सहकारिणीनं आठवडाभर रजा मागितली की भुवया उंचावतो. आमच्या क्षेत्रात पस्तिशीतच पाठदुखी, रक्तदाब आणि झोप उडालेल्या किती कार्यकर्त्या आहेत हे आपल्या प्रत्येक संस्थेला माहीत आहे.

तिसरी गोष्ट हरकत नव्हे, पण तिच्यावर आमचं सगळं अडलं आहे. माझी रजा भरपगारी आहे. बालवाडीताईंना थोडी तडजोड करता येते. मावशींच्या सात दिवसांचा सातही दिवस खाडा. चार घरांचा. त्यातल्या एका घरी तर सलग चार दिवस गेल्या नाहीत तर दुसरी बाई ठेवतील, असं त्यांना स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणजे सावकाश जाण्याची ही चैन माझ्यासारखीला फुकट आहे आणि मावशींना सगळ्यात महाग. पहिल्या मोहिमेत वेगानं त्यांना टेम्पोत बसवलं. या वेळी आमच्याच सावकाशपणानं त्यांना पुण्यातच ठेवलं, तर आम्ही काय शिकलो?

माझा प्रस्ताव असा, आणि तो आपल्या इतर गटांपुढेही ठेवते. दरवर्षी शिबिरांवर आपण पैसे खर्च करतो, सभागृह, जेवण, वक्त्यांचं मानधन. त्यातली एका शिबिराची रक्कम बाजूला काढावी आणि रोजावर किंवा घरकामावर जगणाऱ्या सभासदांचे खाडे त्यातून भरावेत. मदत म्हणून नको, शिबिराला येण्याचं भाडं देतो तसं. आणि मावशींच्या जागी त्या सात दिवसांत त्या चार घरी आमच्यातल्याच ज्या मागे राहणार आहेत त्यांनी पाळीपाळीनं पोळ्या करायला जावं. हे मी बोलले तेव्हा हशा पिकला. आमच्या बँकेतल्या वहिनी म्हणाल्या, "माझ्या पोळ्या खाऊन ते दुसऱ्याच दिवशी मावशींना परत बोलावतील." पण त्यांनी सोमवार आणि मंगळवार लिहून घेतले. शिबिराच्या पैशांचा निर्णय अजून झालेला नाही. काहीजणींचा विरोध आहे आणि तो नोंदवून घेतला आहे.

२०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. चार टप्पे, ४३७ किलोमीटर, स्पर्धक सगळे पुरुष. शर्यतीसाठी किती तरी रस्ते नव्यानं डांबरी झाले. चांगलंच आहे, त्यांवरून आम्हीही जाऊ. फक्त एवढ्या तयारीत बायकांच्या मुताऱ्यांचाही विचार झाला असता तर आमचं निम्मं नियोजन वाचलं असतं.

सायकलींचं सांगायचं राहिलं. गेल्या वेळी आम्ही मागून आणलेल्या गिअरच्या सायकली वापरल्या होत्या, सीट उंच, आडवा दांडा. या वेळी दोन सायकली भाड्यानं घेऊन बाकीच्या स्वतःच्याच न्यायच्या आहेत. साध्या सायकलनं पसरणी चढता येतो का? बसून सगळा नाही येत. निम्मा चालत चढावा लागेल, आणि निम्मा चालत चढायला आपल्याकडे अख्खा दिवस आहे. पंक्चर काढायला प्रत्येकीनं शिकायचं ठरलं आहे. आतापर्यंत तिघींना जमतं.

मावशींनी अजून 'हो' म्हटलेलं नाही. गेल्या रविवारी सराव म्हणून आम्ही सहाजणी जुन्या कात्रज बोगद्यापर्यंत जाऊन आलो. मावशी पुढे होत्या. त्या दोनदा उतरल्या, तेव्हा आम्हीही उतरलो. एकदा तर ऊसवाला दिसला म्हणूनच उतरलो. बोगद्याशी कठड्यावर बसून शहराकडे बघत असताना त्यांनी विचारलं, नायगावला डिसेंबरात थंडी किती असते, आणि तिथे त्यांची एक चुलत नणंद दिलेली आहे, तिला आधी कळवून ठेवावं का.